लाख कान आणि एक अबोला

'कानोसा'ची सातवी आवृत्ती रविवारी सकाळी अकरा वाजता सुटणार होती आणि शुक्रवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आनंदानंही माणसाची भूक मरते, हे मला तेव्हा कळलं.

आधीच सांगते, मी केतकी म्हेत्रे, कुणी मोठी शास्त्रज्ञ वगैरे नाही. इचलकरंजीत एका सूतगिरणीची संगणक-व्यवस्था बघते आणि उरलेल्या वेळात 'कानोसा'ची आवृत्ती-प्रमुख असते. कानोसा म्हणजे श्रवणयंत्रात चालणारं सॉफ्टवेअर. ते कुठल्याही कंपनीचं नाही. जगभरातले सहा-सातशे हौशी लोक ते फावल्या वेळात लिहितात आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवतात. शेंगदाण्याएवढं यंत्र कुणीही जुळवावं, आत कानोसा घालावा आणि कानात बसवावं. दोन हजार एकोणचाळीसच्या त्या सालात ते अठ्ठेचाळीस लाख कानांत होतं. कोड लिहिणारे शेकड्यानं होते, पण 'आता सोडा' म्हणणारी मी एकटी. झकास झालं तर लिहिणाऱ्याचं कौतुक आणि बिघडलं तर सोडणाऱ्याचा उद्धार, असा आमच्या जगाचा न्याय आहे.

हा नाद मला लागला तो आण्णांमुळे. आण्णा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चाळीस मागांच्या खडखडाटात उभे राहून कुठल्या मागाचा आडवं सूत नेणारा धोटा अडतोय हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. त्या खडखडाटानंच त्यांचे कान खाल्ले. आता शेडमध्ये जाणं थांबलं होतं, पण आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना अजून जुने माग आहेत. सहाव्या आवृत्तीपर्यंत कानोसा सगळंच मोठं करून ऐकवायचा, माणूसही आणि मागही. आण्णा म्हणायचे, "जत्रंत हुबं ऱ्हायल्यागत वाटतंय गं."

सातव्या आवृत्तीत हे बदलणार होतं. मालेगावच्या नाझिया मोमीननं त्यासाठी तीन वर्षं घातली होती. ती शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कोड लिहिते. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती, पण मला सख्खी बहीण असती तर तिच्याशीही मी इतकं बोलले नसते.

नाझियाची युक्ती समजायला सोपी आहे. आपण बोलतो तेव्हा घशातले स्वरतंतू थरथरतात, पुरुषाचे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, बाईचे दोनशेच्या. त्या थरथरीतून सुरांची शिडी उभी राहते. दोनशे, चारशे, सहाशे, अशा सारख्या अंतरावरच्या पायऱ्या. बोलता बोलता ही अख्खी शिडी वर-खाली हलत असते. पंख्याच्या, मागाच्या, रहदारीच्या आवाजात अशी हलती शिडी नसते. नाझियाचा कोड क्षणोक्षणी ती शिडी शोधतो, तिला चिकटून येणारे 'स' आणि 'त'सारखे नुसत्या हवेचे आवाजही तिच्याबरोबर उचलतो आणि बाकीचं टाकून देतो. तांदूळ निवडून खडे बाजूला काढावेत, तसं. म्हणून तिनं त्या भागाला नाव दिलं 'निवडणी'.

पण कानात काहीही सोडून चालत नाही. चुकीचा आवाज चुकीच्या जोरानं गेला तर उरलासुरला कानही जातो. त्यासाठी आमच्याकडे लक्षकर्ण होता. एक लाख माणसांच्या कानांची मोजमापं घेऊन संगणकात बांधलेले एक लाख कान. कुणाचा खालचा सूर गेलेला, कुणाचा वरचा, कुणाचे मज्जातंतू दमलेले. नव्या कोडमधून निघालेला आवाज या प्रत्येक कानात सोडायचा आणि मेंदूपर्यंत कुठला शब्द पोचला असता ते बघायचं. जगभरातले स्वयंसेवक आपले रिकामे संगणक यासाठी उसने देत. पूर्वी दोन वर्षं लागायची ती तपासणी आता चाळीस मिनिटांत व्हायची. निवडणीला लक्षकर्णानं शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले. सहाव्या आवृत्तीला एकसष्ट होते! त्या दिवशी नाझियानं फोनवर मला नुसतं रडून दाखवलं. मीही रडले. मग आम्ही फोन ठेवला.

तरीही माझी एक जुनी प्रथा होती, 'सात कान, सात दिवस'. लक्षकर्ण काहीही म्हणो, सात जित्याजागत्या माणसांनी नवी आवृत्ती सात दिवस कानात घालायची आणि रोज वहीत लिहायचं. पुष्कळांना हे खूळ वाटायचं. प्रथेला एक नियमही होता. आवृत्ती-प्रमुखाच्या घरचं माणूस त्या सातांत नको, कारण घरचं माणूस प्रेमापोटी सगळं चांगलंच लिहितं. नियम माझा, आणि तो मोडलाही मीच. सातवे होते सोलापूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना ऐन वेळी डेंग्यू झाला. दुसरं माणूस शोधायचं तर आठवडा लांबला असता. मी कुणाला न सांगता आदल्या रविवारी आण्णांच्या कानात सातवी आवृत्ती घातली आणि हातात वही दिली.

काय सांगू त्या दिवशीची गंमत! माग चालू असताना आण्णा दारात उभे राहिले आणि समोरच्या ओट्यावर कोण कुणाची निंदा करतंय ते आम्हाला घरात येऊन सांगू लागले. त्यांच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

रविवार. मागाचा आवाज पार गेला. समोरच्या तानाजीचं बोलणं स्वच्छ.

मंगळवार. बातम्या सगळ्या कळल्या. न कळत्या तर बरं होतं.

गुरुवार. घरात शांतता. मंडळींनी अबोला धरला आहे. कारण माहीत नाही. यंत्राचा दोष नाही.

शुक्रवार. अबोला चालू. यंत्र उत्तम.

मंडळी म्हणजे माझी आई. शनिवारी रात्री मी वही वाचून पोट धरून हसले आणि समोर 'उत्तीर्ण' लिहून टाकलं.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्वरतंतूंवर गाठी झाल्या. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज परत आला नाही. तेव्हापासून ती कुजबुजल्यासारखं बोलते, नुसत्या हवेत. तुमच्या आता सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. सबंध आठवडा मी तिच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन, आणि 'आण्णांशी का बोलत नाहीस' असं विचारलं तर ती हात झटकून म्हणाली होती, "त्यास्नी इचार." नवरा-बायकोच्या भांडणात पडायला मला वेळ कुठे होता?

रविवार उजाडला. नऊपासून भिंतीवरच्या पडद्यावर साडेतीनशे चेहरे जमले होते. फिनलंडमधल्या एकानं कानाच्या आकाराचा केक केला होता. मालेगावात नाझियाच्या घरी तिच्या आत्या, मामी, शेजारणी अशी गर्दी होती आणि ती लाजून लाल झाली होती. "केतकीताई, अब्बू तर सकाळपासून सगळ्यांना सांगतायत की माझी मुलगी जगाचे कान उघडणार," ती म्हणाली. मीही नवी साडी नेसून बसले होते.

दहा वाजता आईनं चहा आणला. आण्णा पडद्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. आई त्यांच्या पाठीमागून आली, पेला बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "लई गरम हाय. थांबा वाईच."

मला ते चार हातांवरून ऐकू आलं. आण्णांनी पेला उचलला, ओठाला लावला आणि "आयायाय!" करून ओरडले.

आईनं माझ्याकडे बघितलं. "बघितलंस? सांगून बी ऐकत न्हाईत. सात दिवस झालं, माझ्या एका शब्दाला उत्तर न्हाई."

"ती कुठं काय बोलतीया?" आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "तूच बघ की. तोंड शिवून बसलीया नुसती."

मी उठून आण्णांच्या पाठीमागे गेले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आण्णा." ते वळले. मग मी स्वर काढून घेतला आणि नुसत्या हवेत म्हणाले, "आण्णा." काही नाही. अजून जोर लावून कुजबुजले, फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत. ते शांतपणे चहावर फुंकर घालत होते. मी त्यांच्या यंत्रात सहावी आवृत्ती परत चढवली. जत्रा सुरू झाली, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी मागून कुजबुजले, "आण्णा."

"काय गं? कानात काय सांगतीस? मोठ्यानं बोल की."

मी ओरडलेच. भीतीही वाटत होती आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता. दडलेली चूक सापडली की तपासणाऱ्याला जो निर्लज्ज आनंद होतो, तो. कुजबुजीत स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणून शिडी नसते, म्हणून निवडणीला ती वाऱ्याची झुळूक वाटते. तांदळाबरोबर आमची आईच निवडून बाहेर टाकली गेली होती. तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी नाझियाला एकटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, असा आवाज किती जणांचा असेल? आज सोडू या. पुढच्या रविवारी दुरुस्ती सोडू. नेहमी तसंच करतो ना आपण?"

"करतो. पण तक्रार आली की करतो. ही तक्रार कोण करणार, नाझिया? ज्याला ऐकू आलं नाही त्याला ठाऊकच नाही की कुणी बोललं. आणि जी बोलली तिला वाटणार, आपलं ऐकायचं नाही ह्यांना. माझ्या घरात सात दिवस चूक चालू होती आणि वहीत काय लिहिलंय? यंत्र उत्तम."

"ती वही तर बादच आहे," नाझिया म्हणाली. "घरचं माणूस नको, हा नियम तुमचाच ना? तुम्ही तो मोडलात. आणि आता तुमच्या घरासाठी अठ्ठेचाळीस लाख लोकांना थांबवताय. माझे अब्बू बाहेर मिठाई घेऊन बसलेत, ताई." आणि तिनं फोन ठेवला.

ती म्हणत होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी गप्प राहिले असते तर नियम मोडल्याचं कुणाला कळलं नसतं, अकराला जल्लोष झाला असता आणि मी घरापुरती आण्णांच्या कानात सहावी ठेवली असती. मला हा विचार आला, हे मी लपवणार नाही. आई रिकामा पेला उचलून आत गेली. आपल्यामुळे काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. दहा बावन्नला मी सगळ्यांना एकदम निरोप जातो त्या यादीवर लिहिलं: 'सातवी आवृत्ती आज सुटणार नाही. कुजबुजता आवाज ती गिळते. ही चूक मला माझ्या वडिलांच्या कानात सापडली. ते सातांपैकी एक होते, म्हणजे माझा नियम मीच मोडला आणि तुमच्यापासून लपवला. त्याबद्दल मला काढायचं असेल तर काढा. पण आवृत्ती सोडू नका.'

साडेतीनशे चेहरे पुढे वाकून वाचू लागले. फिनलंडच्या माणसानं केकचा घास तसाच हातात धरला होता. मग जगभरातून निरोप कोसळायला लागले. कुणी मला प्रामाणिक म्हटलं, कुणी ढोंगी. एका आईनं लिहिलं, 'मंगळवारी माझ्या मुलीच्या शाळेत गाणं आहे, तिला या वेळी ते ऐकू येईल असं मी कबूल केलं होतं.' ते वाचून मी पडदा बंद केला आणि नव्या साडीतच जमिनीवर बसून रडले.

दीड वाजता फोन वाजला. नाझिया! मी उचलला तर पलीकडून आरडाओरडा.

"शून्य, ताई, शून्य!"

"काय शून्य?"

"मी सातचा पाढा कुजबुजत म्हटला. सात एके सात ते सात दाही सत्तर. लक्षकर्णात घातला. लाख कानांत एकसुद्धा शब्द पोचला नाही! शून्य कधी येतं का? काही ना काही तरी झिरपतंच की नाही? इतकी स्वच्छ चूक मी आयुष्यात बघितली नाही!" ती हसत होती, धापा टाकत होती. "आणि माहितीये का, आधी का सापडली नाही? लक्षकर्णाला आपण अकरा हजार तासांची बोलणी दिली आहेत. सगळी ऐकली, म्हणजे चाळली. त्यात कुजबुज एक मिनिटसुद्धा नाही. माइक समोर आला की माणूस घसा खाकरतं आणि नीट बोलतं. ज्याचा घसाच गेलाय, तो माइकसमोर येतच नाही."

मग ती एकदम थांबली. "मघाशी मी जे बोलले..."

"खरं तेच बोललीस," मी म्हणाले. "आता पुढचं बोल. काय लागेल?"

"आवाज लागतील. तुमच्या आईसारखे. पुष्कळ."

त्यानंतरचे तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. मला कुणी काढलं नाही. एका चुकीसाठी एक ओरडा पुरे, असं ठरलं. आम्ही जगभर हाक दिली: 'तुमचा आवाज गेला असेल तर तो आम्हाला हवा आहे.' चार दिवसांत एकेचाळीस देशांतून अकराशे माणसं आली. घशाचा कर्करोग झालेले, पक्षाघातातून उठलेले, एक गाणारी बाई, एक माजी लिलाववाला. कित्येकांनी लिहिलं की त्यांचा आवाज आजवर कुणी मागितलाच नव्हता. आईला तर आम्ही माइकसमोर बसवलं आणि 'काहीही बोल' म्हटलं. ती पदर सावरून लाजली, दोन मिनिटं गप्प बसली आणि मग आण्णांनी तीस वर्षांत तिचं काय काय ऐकलं नाही, याची यादी सुरू केली. पावणेदोन तास झाले, तरी संपेना. नाझियानं निरोप धाडला, 'ताई, हा नमुना सर्वांत उत्तम. थांबवू नका.'

दुरुस्तीही तिलाच सुचली. कुजबुजीत सुरांची शिडी नसली तरी तोंड असतंच. जीभ आणि ओठ हलले की घशातून येणारी हवा कुठे दाटते, कुठे विरते, आणि ती दाटण सेकंदाला चार-पाच वेळा जागा बदलते, कारण माणूस सेकंदाला साधारण तेवढीच अक्षरं बोलतं. वारा असा बोलत नाही, मागही नाही. निवडणीनं आता शिडीबरोबर ही हालचालही शोधायची. पहिल्या दिवशी शून्याचे बावीस झाले, आठव्या दिवशी एकाहत्तर, पंधराव्या दिवशी चौऱ्याऐंशी. दर वेळी नाझिया आकडा आधी लिहायची आणि मग फोन करून तोच आकडा ओरडायची.

प्रथेतही एक बदल केला. आता दर कानामागे वह्या दोन. एक यंत्र घालणाऱ्याची, दुसरी त्याच्याबरोबर राहणाऱ्याची, आणि एकमेकांची वही वाचायची नाही. सातवे म्हणून डेंग्यूतून उठलेले पोस्टमास्तर आले. आण्णा रीतसर बाद झाले. सहाव्या आवृत्तीच्या जत्रेत ते इतर अठ्ठेचाळीस लाखांसारखी वाट बघत राहिले आणि मला रोज विचारत राहिले, "वशिला न्हाई व्हय काय?"

"नाही," मी म्हणायचे.

आईलाही ते विचारायचे. "अगं, त्या सात दिसांत काय काय बोललीस, सांग की आता." आई उत्तर द्यायची नाही, कामाला लागायची.

चौथ्या रविवारी पोस्टमास्तरांची वही आली, आणि त्यांच्या बाईंची. दोन्ही सारख्या बोलत होत्या. पडद्यावर या वेळी सहाशे चेहरे होते. नाझियाचे अब्बू पहिल्या रांगेत होते, मिठाई ताजी होती. अकराच्या ठोक्याला मी कळ दाबली आणि साऱ्या पडद्यावर असा गोंगाट झाला की आमच्या गल्लीतले माग लाजावेत.

आठ सेकंदांनी नवी आवृत्ती उतरली आणि आण्णांच्या कानातलं यंत्र 'टुंग' वाजलं. ते दारात उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. मागाचा आवाज गेला तसे त्यांचे खांदे सैल झाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्या पाठीमागे दोन पावलांवर थांबली. तिचे हात पिठाचे होते.

मग म्हणाली, "आता तरी सांगा. माझा आवाज कसा येतोय?"

आता तरी, म्हणाली ती. मला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग एकदम उलगडलं. पहिल्या दिवशी, पहिल्यांदा, तिनं हेच विचारलं असणार. तीन वर्षं आपल्या फाटक्या आवाजाची लाज वाटणाऱ्या बाईनं धीर करून विचारलं असणार, आणि आण्णा तसेच टीव्हीकडे बघत राहिले असणार. नवरा नीट ऐकायला लागला आणि आपला आवाज त्याला नकोसा झाला, असं समजून ती त्या आठवड्यात आपणहून गप्प होत गेली होती.

आण्णा वळले. मागाचा दोष शोधताना धरायचे तशी मान त्यांनी तिरकी धरली.

"परत बोल," ते म्हणाले.

"कसा येतोय?"

"खरखरतोय," आण्णा म्हणाले. ते कधी खोटं बोलत नाहीत. आईचा चेहरा पडला. "पर समदा येतोय. एक अक्षर सुटंना झालंय. सात दिस तू बोलत न्हवतीस तर माजं घरात मन लागत न्हवतं बघ. हितं बस, आन् बोल."

पडद्यावर नाझिया मला हाका मारत होती. मी आवाज बंद केला. आई हात न धुताच खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली.